तासाला किती डबे? : मुंबईच्या लोकलमधील गर्दी आणि नव्या गाड्यांचा हिशेब

९ जून २०२५ रोजी सकाळी, ऐन कामावर जाण्याच्या वेळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दारात लटकलेली माणसे खाली पडली. त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. संध्याकाळ होण्याआधी रेल्वेने जाहीर केले की मुंबईसाठी यापुढे बांधल्या जाणाऱ्या सर्व लोकलना आपोआप बंद होणारी दारे असतील, आणि साध्या, बिगरवातानुकूलित गाडीचाही असा नमुना तयार केला जाईल. दारे बंद हवीत, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण दारात लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. आत पाऊल ठेवायला जागा नसते आणि ही गाडी सोडली तर पुढचीही अशीच भरून येणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून दाराच्या चर्चेच्या मुळाशी जागेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला ‘नव्या गाड्या आणू’ हे उत्तर मुंबईकर अनेक वर्षे ऐकत आले आहेत. नव्या गाड्या येतात, त्यांना हार घातले जातात आणि आठवड्याभरात त्या जुन्या गाड्यांइतक्याच भरतात. असे का होते, कोणत्या उपायांनी खरोखर जागा वाढली आणि कोणत्या उपायांनी फक्त गाडीचे रूप बदलले, याचा हा आढावा आहे. त्यासाठी एकच साधी कसोटी वापरू : गर्दीच्या एका तासात, गर्दीच्या दिशेला, एका मार्गावरून किती डबे जातात?

गर्दी नेमकी कुठे आहे

मुंबईचे उपनगरी जाळे सुमारे ३९० किलोमीटरचे आहे. मध्य रेल्वे रोज सुमारे १,८०० आणि पश्चिम रेल्वे सुमारे १,४०० फेऱ्या चालवते. कोविडपूर्वी रोजचे प्रवासी पंचाहत्तर लाखांच्या घरात होते. हे आकडे मोठे असले तरी दिवसभराच्या बेरजेतून सकाळी नऊची डोंबिवली दिसत नाही. दुपारी दोनच्या गाडीत खिडकी मिळते. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मात्र एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात. रेल्वेच्या कागदपत्रांत या स्थितीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नाव आहे. बारमाही अन्यायाला नाव मिळाले की तो नियोजनाचा भाग होऊन बसतो, तसेच इथे झाले आहे.

या गर्दीला दिशाही आहे. सकाळी सगळे दक्षिणेकडे, संध्याकाळी सगळे उत्तरेकडे. गिरणगावातला कामगार पायी कामावर जात असे. गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे भाव वाढले आणि नोकरदार माणूस डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरारकडे सरकत गेला. घर दूर गेले तरी नोकरी मुंबईतच राहिली. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पण मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. ठाणे–वाशी मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. वस्ती आधी आणि रूळ नंतर, हा आपल्याकडचा क्रम आजही बदललेला नाही.

गर्दीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांसाठीची पहिली खास लोकल धावली, तेव्हा नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत असल्याची ती दखल होती. आज ठाणे, घाटकोपर किंवा बोरिवलीच्या लेडीज डब्यासमोर सकाळी उभे राहिले, तर ती दखल किती अपुरी पडली आहे हे कळते. ज्येष्ठ, दिव्यांग, तान्हे मूल घेतलेली आई यांना तर गर्दीच्या वेळी प्रवास करणेच शक्य होत नाही, आणि जी माणसे गाडीत चढूच शकत नाहीत ती कोणत्याही मोजणीत येत नाहीत.

चार डब्यांपासून पंधरा डब्यांपर्यंत

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला असा हार्बर मार्गावर पहिला विजेचा प्रवास झाला. त्या गाडीला चार डबे होते. पुढे नऊ डबे झाले, आणि १९८० च्या दशकात बारा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. हार्बर मार्गाला बारा डब्यांसाठी २०१६ पर्यंत थांबावे लागले. पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली.

आपल्या कसोटीवर डबे वाढवणे हा सगळ्यात खात्रीचा उपाय ठरतो. दर तीन मिनिटांनी गाडी धरली तर एका मार्गावर तासाला वीस गाड्या होतात. बारा डब्यांच्या हिशेबाने २४० डबे, पंधराच्या हिशेबाने ३००. नवा रूळ नको, नवा सिग्नल नको, जादा मोटरमन नको, तरी एक चतुर्थांश जागा वाढते. हे इतके सरळ असूनही मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांच्या फेऱ्या कितीतरी वर्षे बावीसवर अडकून राहिल्या, आणि त्याही फक्त जलद मार्गावर. पश्चिम रेल्वे याबाबत पुढे गेली. अंधेरी ते विरार धीम्या मार्गावरही तिने २०२१ मध्ये पंधरा डब्यांची गाडी चालवली.

अडचण फलाटांची आहे. जुन्या स्थानकांचे फलाट वळणावर आहेत, काहींच्या टोकाला रस्त्याचा पूल आहे, काहींच्या टोकाला रूळ बदलण्याचे सांधे आहेत. फलाट पन्नास-साठ मीटर लांबवायचा तर सांधे हलवावे लागतात, सिग्नल सरकवावे लागतात, कधी पूल नव्याने बांधावा लागतो. कारशेडमधल्या मार्गिकांचीही लांबी वाढवावी लागते, नाहीतर रात्री गाडी उभी कुठे करायची? या कामांत भव्य असे काही नाही, उद्घाटनाचा सोहळाही होत नाही. पण जागा वाढते ती अशाच कामांतून.

विजेचीही कथा हीच आहे. मुंबईच्या लोकल १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत. लांब गाड्या आणि जास्त फेऱ्यांसाठी ही वीज अपुरी पडत होती. २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाकडे जाण्याचे काम पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गाने २०१६ मध्ये पूर्ण केले. प्रवाशाला यातले काही दिसले नाही, दिसले ते रविवारचे मेगाब्लॉक. हार्बरच्या बारा डब्यांमागेही हीच अदृश्य तयारी होती.

रूळ कमी, हक्कदार फार

लोकलच्या रुळांवर एकट्या लोकलचा हक्क नाही. मेल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच वाटेने येतात. एक एक्स्प्रेस जलद मार्गावरून पुढे काढायची तर मागच्या लोकलना थांबावे लागते. म्हणून पाचवी-सहावी मार्गिका ही मुंबईची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात रास्त मागणी आहे.

ठाणे ते दिवा हा टप्पा जेमतेम नऊ किलोमीटरचा. त्याची पाचवी-सहावी मार्गिका २००८ मध्ये मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये वापरात आली. नऊ किलोमीटरला चौदा वर्षे. या मार्गिकेमुळे मेल-एक्स्प्रेस पारसिक बोगद्याकडे वळल्या, जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने नेता आल्या आणि ३६ नव्या फेऱ्या जाहीर झाल्या. त्यांतल्या ३४ वातानुकूलित होत्या.

त्याच वेळी मंजूर झालेली सीएसएमटी–कुर्ला पाचवी-सहावी मार्गिका अजून पूर्ण झालेली नाही. स्वदेशी मिलच्या परिसरातली जमीन, धारावीतले पुनर्वसन, कुर्ल्याला हार्बर मार्ग उचलून घेण्याचे काम, अशा गाठी एकेक करून सोडवल्या जात आहेत. कल्याणच्या पुढची अवस्था त्याहून बिकट आहे. बदलापूरकडे नवी घरे वर्षानुवर्षे उभी राहत असताना तिथे लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्यांनी दोनच रूळ वाटून घेतले. कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ‘एमयूटीपी-३अ’ या टप्प्यात मंजूर झाली. इमारतींना परवानगी मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळाली होती.

ऐरोली–कळवा जोडमार्गाचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्या माणसाला ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागते. हा उन्नत मार्ग झाला तर ठाणे स्थानकावरचा मोठा भार हलका होईल. त्यावरचे दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये खुले झाले, पण पुढचा मार्ग पुनर्वसनाच्या प्रश्नावर अडला. ज्यांची घरे वाटेत येतात तेही लोकलनेच कामाला जाणारे लोक आहेत. त्यांना जवळ आणि पक्के घर देणे हा रेल्वे प्रकल्पाचाच खर्च मानला पाहिजे. पुनर्वसन शेवटी उरकायचे काम मानले, म्हणूनच ही वर्षे गेली.

दोन गाड्यांमधले अंतर

डब्यांची संख्या वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गाड्या जवळजवळ चालवणे. आजच्या पद्धतीत रूळ ठराविक तुकड्यांत विभागलेला असतो. एका तुकड्यात एक गाडी असली की मागच्या गाडीला लाल दिवा. सीबीटीसी या प्रणालीत गाडीची जागा क्षणाक्षणाला रेडिओवरून कळते आणि मागची गाडी सुरक्षित अंतर राखून जवळ येऊ शकते. मुंबईतल्या नव्या मेट्रो याच तत्त्वावर चालतात. एमयूटीपी-३अ मध्ये ही प्रणाली लोकलसाठी मंजूर झाली आहे. अंतर तीन मिनिटांवरून दोनवर आले तर तासाला वीसच्या जागी तीस गाड्या. पंधरा डब्यांसह ४५० डबे, म्हणजे आजच्या २४० च्या जवळजवळ दुप्पट.

हा हिशेब कागदावर बरोबर आहे. प्रत्यक्षात तो स्थानकावर अडतो. दादर, ठाणे, घाटकोपर, अंधेरीला गाडी ठरल्यापेक्षा अर्धा मिनिट जास्त थांबली तर दोन मिनिटांचे अंतर टिकत नाही. दिव्याचे रेल्वे फाटक उघडले की मागे गाड्यांची रांग लागते, मग सिग्नल कितीही हुशार असो. एक्स्प्रेस आणि लोकल एकाच मार्गावर असतील तोवर नव्या सिग्नलचा पुरता लाभही मिळणार नाही. म्हणून मार्गिका वेगळ्या करणे, फाटके बंद करून पूल बांधणे आणि सिग्नल बदलणे ही कामे एकमेकांना बांधून घ्यायला हवीत.

टोकाच्या स्थानकांचाही विचार हवा. सीएसएमटी आणि चर्चगेटला प्रत्येक गाडी रिकामी होते, भरते आणि उलट दिशेने निघते. तेवढा वेळ फलाट अडून राहतो. तासाला किती गाड्या येऊ शकतील हे बऱ्याच अंशी या फलाटांवर ठरते. परळला २०१९ मध्ये टर्मिनस झाले, ते याच कारणाने उपयोगाचे. दिव्याचे प्रवासी सीएसएमटीपर्यंत स्वतःची लोकल मागतात, ती मागणीही न्याय्य आहे. पण ती गाडी सुटण्यासाठी दिव्याला आणि थांबण्यासाठी सीएसएमटीला जागा निर्माण करावी लागेल.

आणि माणसे? गाडीमागे मोटरमन आणि गार्ड लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सहकाऱ्याच्या अंत्यसंस्काराला मोटरमन गेले आणि त्या दिवशी मध्य रेल्वेच्या कितीतरी फेऱ्या रद्द झाल्या. जादा कामावर उभे असलेले वेळापत्रक किती नाजूक असते, ते त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिले. नव्या गाड्यांची घोषणा करताना मोटरमनच्या भरतीची तारीखही सांगितली पाहिजे.

वातानुकूलित गाडी : सोय कोणाची?

२५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला देशातली पहिली वातानुकूलित लोकल धावली. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत ती बांधली होती. तिची उंची मध्य रेल्वेवरच्या काही जुन्या पुलांखालून जाण्याइतकी कमी नव्हती. म्हणून यंत्रसामग्री डब्याखाली बसवलेल्या गाड्या आल्यावर, २०२० मध्ये, ठाणे–पनवेल मार्गावर मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकल सुरू झाली. मे २०२२ मध्ये एकेरी प्रवासाचे भाडे निम्मे केले गेले आणि प्रवासी वाढले. उकाडा आणि घाम यांतून सुटका व्हावी असे कोणाला वाटत नाही? बंद दारांमुळे जीव वाचतात, हेही निर्विवाद आहे.

पण ऑगस्ट २०२२ मध्ये काय झाले ते विसरता येणार नाही. मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या चालवल्या. कळव्याला प्रवासी रुळांवर उतरले, बदलापूरला संताप उसळला, आणि आठवड्याभरात त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. हा विरोध थंड हवेला नव्हता. तासाचे २४० डबे २४० च राहिले, फक्त त्यांतले बारा डबे दुसऱ्या वर्गाचा पास असलेल्या माणसाच्या हातून गेले. आधीच्या गाडीतली माणसे पुढच्या गाडीत कोंबली गेली. नवी गाडी आल्याने गर्दी वाढली, असा उलटा अनुभव प्रवाशांना आला.

दारांचाही एक कठोर नियम आहे : दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. क्षमतेपलीकडे भरलेल्या गाडीला बंद दारे बसवली तर दार लागेपर्यंत ती उभी राहते आणि मागच्या सगळ्या गाड्या रखडतात. म्हणजे बंद दारे आणि जादा डबे या दोन गोष्टी एकत्रच याव्या लागतील. एमयूटीपीच्या दोन टप्प्यांत मिळून २३८ वातानुकूलित गाड्यांची खरेदी मंजूर आहे. या गाड्या दुसऱ्या वर्गाच्याच भाड्यात मिळाल्या आणि जुन्यांची जागा घेण्याबरोबर फेऱ्याही वाढवल्या, तर ती मुंबईसाठी खरी क्रांती ठरेल. भाडे वेगळे ठेवून त्या केवळ अदलाबदलीत आणल्या, तर ऑगस्ट २०२२ पुन्हा घडेल.

साध्या गाडीचा जो नमुना रेल्वेने जाहीर केला, तोही म्हणूनच महत्त्वाचा आहे. दारांना झडपा, छतावरून आत येणारी हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी, हे तिचे तीन मुख्य बदल. डबे आतून जोडलेले असले की जिन्यासमोरच्या डब्यात चढलेली माणसे आत पसरू शकतात. बंद डब्यात श्वास घेता येईल अशी हवा राहते का, याची परीक्षा मात्र रिकाम्या गाडीत न घेता मे महिन्यातल्या सकाळच्या गर्दीत घ्यावी लागेल.

टोकियोने काय केले

ही गर्दी मुंबईच्या नशिबीच आहे, असे म्हणणाऱ्यांनी टोकियोकडे पाहावे. तिथे १९६० च्या दशकात प्रवाशांना डब्यात ढकलण्यासाठी माणसे नेमली जात. जपानी राष्ट्रीय रेल्वेने त्या दशकाच्या मध्यात शहराकडे येणाऱ्या पाच दिशांच्या मार्गांवर रूळ दुप्पट करण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि दूरच्या व जवळच्या गाड्या वेगळ्या केल्या. १९८० मध्ये सोबू आणि योकोसुका हे दोन मार्ग शहराखालून जोडून गाड्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला निघून जातील अशी सोय केली, म्हणजे टोकाच्या फलाटाचा अडथळाच काढला. टोकियोच्या प्रमुख मार्गांवर गर्दीच्या वेळी क्षमतेच्या सरासरी २२१ टक्के प्रवासी १९७५ मध्ये असत; २०१९ पर्यंत ते प्रमाण १६३ टक्क्यांवर आले. चमत्कार कुठलाच नाही, चाळीस वर्षे सातत्याने केलेली बांधणी आहे. दरवर्षी मार्गवार गर्दीचे प्रमाण सरकार प्रसिद्ध करते, त्यामुळे कोणत्या मार्गावर काम झाले आणि कुठे नाही हे लपत नाही.

गाडीबाहेरचे उपाय

मेट्रोने काही भार घेतला आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रोने पूर्व-पश्चिम प्रवास सुकर केला, पण घाटकोपरच्या लोकल फलाटांवर गर्दीची नवी लाटही आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो-३ दक्षिण मुंबईचा प्रवास हलका करेल. बदलापूर वा विरारच्या माणसाला मात्र लोकलशिवाय पर्याय नाही, आणि मेट्रोच्या स्थानकापर्यंत तो लोकलनेच येणार आहे.

कार्यालयांच्या वेळा बदलणे हा बिनखर्चाचा उपाय. मध्य रेल्वेने शेकडो आस्थापनांना तशी विनंती केली आणि नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबई विभागाच्या कार्यालयात दोन वेगवेगळ्या वेळा लागू केल्या. हे पाऊल स्तुत्य आहे. राज्य शासन, महापालिका आणि बँका यांनी ते उचलले नाही, तर ते एका कार्यालयापुरते राहील.

स्थानकांकडे दुर्लक्ष करून गाड्या वाढवणेही धोक्याचे आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. नंतर लष्कराने काही महिन्यांत तिथे नवा पूल उभारला. जे काम काही महिन्यांत होऊ शकत होते, त्यासाठी तेवीस जीव जावे लागले.

आता काय मागायचे

मुंबईच्या लोकलमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. रूळ ओलांडताना सर्वाधिक, आणि त्याखालोखाल गाडीतून पडून. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही या मृत्यूंबद्दल रेल्वेला खडसावले. एवढी किंमत मोजणाऱ्या शहराला घोषणांपेक्षा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.

पहिली मागणी : प्रत्येक मार्गावर गर्दीच्या तासाला किती डबे जातात आणि त्यांतले दुसऱ्या वर्गाचे किती, हा आकडा रेल्वेने दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा. दुसरी : मध्य रेल्वेच्या जलद आणि धीम्या अशा दोन्ही मार्गांवरच्या सगळ्या फलाटांची लांबी पंधरा डब्यांसाठी वाढवण्याचे काम इतर कामांच्या आधी, ठरल्या तारखेला पूर्ण करावे, कारण यातून जागा लवकर आणि नक्की वाढते. तिसरी : वातानुकूलित गाडी साध्या गाडीची फेरी काढून न आणता, तिच्यात जादा भर म्हणून आणि दुसऱ्या वर्गाला परवडेल अशा भाड्यात आणावी. चौथी : कल्याणपलीकडे किंवा वसईपलीकडे मोठ्या गृहसंकुलांना परवानगी देताना त्या मार्गाची क्षमता पाहणे राज्य शासनावर बंधनकारक असावे.

रेल्वे, राज्य शासन आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळ या तिघांनी मिळून १९९९ पासून हे काम चालवले आहे. त्यांच्याकडे अभियंते आहेत, आराखडे आहेत, मंजूर निधीही आहे. कमी आहे ती कामांचा क्रम प्रवाशाच्या गरजेवरून ठरवण्याची शिस्त. पुढच्या वेळी कोणी मंत्री नव्या लोकलला झेंडा दाखवायला येतील, तेव्हा प्रवासी संघटनांनी, वार्ताहरांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्यांना विचारावे : या गाडीमुळे सकाळी नऊला तासाचे डबे किती वाढले? उत्तर शून्य असेल, तर ती गाडी गर्दीवरचा उपाय म्हणून मोजू नये.